आधी जागा मोजा, मग बॉक्स ठरवा, सबवूफर शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी स्विफ्ट, पेट्रोल. घरात लहान मूल, त्यामुळे डिकीत त्याची बाबागाडी आणि गावी जाताना दोन बॅगा बसायलाच हव्यात. दुकानदार म्हणतो, १२ इंची सबवूफर (फक्त खालचे, बेसचे सूर वाजवणारा स्पीकर) तयार पोर्टेड, म्हणजे हवेसाठी पाइप ठेवलेल्या, बॉक्ससकट घ्या. मित्र म्हणतो, सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प आतच असलेला) घे आणि मोकळा हो. शिवाय एका नातेवाइकाकडे जुना १२ इंची सब पडून आहे, तो फुकट मिळतोय. काय करावं?

तुमच्या जागी मी १० इंची सब घेईन आणि त्याच्यासाठी मागच्या सीटच्या पाठीला टेकणारा, साधारण २५ लिटरचा सील्ड (पूर्ण हवाबंद) बॉक्स सुताराकडून मापाने करून घेईन. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण गाडी वेगळी असली किंवा सब दुसरा असला तर नुसता हा आकडा उपयोगाचा नाही, त्यामागचा हिशेब लागेल.

दुकानात नेहमी उलट्या क्रमाने काम होतं. आधी सब निवडला जातो, मग त्याच्यासोबत जो तयार बॉक्स असेल तो, आणि शेवटी तो डिकीत कोंबला जातो. लहान गाडीत हा क्रम चालत नाही. इथे जागा ठरलेली आहे, ती वाढणार नाही. ती जागा किती लिटरचा बॉक्स देते ते काढायचं आणि तेवढ्या बॉक्समध्ये नीट वाजणारा सब शोधायचा.

माहितीपत्रकात डिकी २६५ लिटर लिहिलेली असते, त्याआधीच्या स्विफ्टला २६८. या आकड्याने फसू नका. तुम्हाला लागतात ती मापं चार: दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी, सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतचं अंतर (तळाशी वेगळं, वर वेगळं), पार्सल ट्रेखालची उंची आणि सीटच्या पाठीचा कल. कल मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप पुरतं. सीटची पाठ मागे झुकलेली असते, म्हणून बॉक्स पाचरीच्या आकाराचा करायचा, खाली रुंद आणि वर निमुळता. चौकोनी बॉक्स ठेवला तर सीट आणि बॉक्स यांच्यामध्ये जी तिकोनी पोकळी उरते, ती फुकट जाते. तयार बॉक्स डिकी खातात त्याचं हे एक मोठं कारण.

आता लाकडाची जाडी. समजा बॉक्स बाहेरून ५६ सेंटिमीटर रुंद, ३२ उंच, तळाशी २६ आणि वर १७ खोल आहे. सरासरी खोली झाली साडेएकवीस. बाहेरून तो ३८.५ लिटर जागा घेतो. लाकूड १८ मिलिमीटरचं धरलं तर प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर वजा होतात. मग आतलं माप ५२.४ गुणिले २८.४ गुणिले १७.९, म्हणजे २६.६ लिटर. तिरप्या बाजूमुळे यात थोडा फरक पडतो, तो सोडून देऊ. सबचं चुंबक आणि बास्केट (सबचा सांगाडा) आत शिरून दीड-दोन लिटर खातात. हाताशी उरले २५ लिटर. म्हणजे डिकीतली ३८ लिटर जागा देऊन तुम्ही २५ लिटर विकत घेतलेत. सीटला चिकटून फक्त २६ सेंटिमीटर खोली गेली. बाबागाडी कोणती आहे ते मला माहीत नाही, पण घडी होणारी असेल तर बॉक्ससमोर आडवी बसायला हरकत नसावी. काहीही कापण्याआधी पुठ्ठ्याचा याच मापाचा खोका करून आठवडाभर डिकीत ठेवा. मागचं दार लागतंय का, स्टेपनी काढताना काय काय हलवावं लागतं, हे तेव्हाच कळेल.

एवढ्या लिटरमध्ये कोणता सब बसतो? प्रत्येक चांगल्या सबच्या कागदावर तीन आकडे असतात: एफएस (मोकळ्या हवेतला सबचा अनुनाद, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप डोलतो तो), क्यूटीएस (तो डोल किती सैल सुटतो त्याचं माप) आणि व्हीएएस (सबच्या हलत्या पडद्याइतकी लवचिक हवा किती लिटर). ज्या कंपनीच्या कागदावर फक्त ‘१५०० वॉट’ लिहिलंय आणि हे तीन आकडे नाहीत, तो सब मी लहान गाडीसाठी घेत नाही. सील्ड बॉक्सचा हिशेब सोपा आहे. बॉक्समध्ये बसल्यावर सबचा जो एकूण क्यू होतो त्याला क्यूटीसी म्हणतात. ०.७०७ ला आवाज सर्वात सपाट राहतो. ०.९ पर्यंत गेलं तर ठोका थोडा उठून येतो, आणि १.१ च्या पुढे घुमायला लागतो. क्यूटीसीला क्यूटीएसने भागा, त्याचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा आणि जे येईल त्याने व्हीएएसला भागा. हे बॉक्सचे लिटर.

उदाहरणार्थ एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस २५ लिटर. ०.७०७ साठी बॉक्स येतो बरोबर २५ लिटरचा, आणि त्यात सबचा अनुनाद ४५ हर्ट्झला जातो. याच सबला ०.९ वर समाधान मानायला लावलं तर बॉक्स ११ लिटरवर येतो आणि अनुनाद ५८ हर्ट्झच्या आसपास. बघा, सपाट आवाजातली थोडी सफाई सोडली की निम्म्याहून जास्त जागा वाचते. बाबागाडी अगदीच अडत असेल तर हा मार्ग मोकळा आहे, आणि खरं सांगायचं तर गाडी चालू असताना, रस्त्याच्या आवाजात, बहुतेकांना हा फरक त्रास देत नाही.

सील्डच का, असं दुकानदार नक्की विचारेल, कारण पोर्टेड बॉक्स त्याच वॉटमध्ये जास्त जोरात वाजतो आणि दुकानासमोर उभ्या गाडीत तेच ऐकू येतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण लहान गाडीचं स्वतःचं एक दान असतं, ते तो हिशेबात धरत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंतची लांबी अडीच मीटर धरली तर ६९ हर्ट्झच्या खाली अर्धी लाटसुद्धा गाडीत मावत नाही. त्या खाली लाट पसरण्याऐवजी आतली सगळी हवा एकदमच दाबली आणि सोडली जाते, सायकलच्या पंपात दट्ट्या मागेपुढे व्हावा तशी. त्यामुळे जसजसं खाली जावं तसतसा गाडीतला दाब वाढत जातो, कागदावर दर सप्तकाला १२ डेसिबलने. प्रत्यक्षात पत्रा थरथरतो, दारांच्या फटींतून हवा निसटते, म्हणून तेवढा वाढत नाही, पण बऱ्यापैकी वाढतो. सील्ड बॉक्स अनुनादाच्या खाली सप्तकामागे १२ डेसिबलनेच उतरतो. एक उतरतो, दुसरा चढतो. बेस गिटारची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या गिटारची ३१ हर्ट्झची. घरात हाच २५ लिटरचा बॉक्स ३१ ला जवळजवळ गप्प वाटेल, हॅचबॅकमध्ये तो सूर ऐकू येतो.

पोर्टेड बॉक्स ट्यूनिंगच्या (पाइप ज्या सुराला सर्वात जास्त साथ देतो त्याच्या) खाली सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो आणि ट्यूनिंगच्या आसपास मात्र फुगतो. बाजारातले तयार बॉक्स बहुधा ४० ते ४५ हर्ट्झला ट्यून केलेले असतात. त्या फुगवट्यावर गाडीचं दान येऊन पडलं की एकाच सुराला गाडी घुमते. ढोलकी असो, ड्रम असो, संबळ असो, सगळ्यांचा धप्प आवाज सारखाच. ज्याला वरातीतला दणका हवा त्याला हे आवडतंही, त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही गाणी ऐकणारे दिसता.

जागेचा प्रश्न तर त्याहून मोठा. १० इंची सबला ४० लिटरचा पोर्टेड बॉक्स करायचा आणि ३५ हर्ट्झला ट्यून करायचा म्हटलं, तर १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप जवळपास ४० सेंटिमीटर लांब लागतो. तो पाइप आतून तीन-साडेतीन लिटर खातो आणि वर सरळ बसतही नाही, वळवावा लागतो. मग बनवणारे काय करतात? पाइप बारीक करतात. ६ सेंटिमीटर व्यासाला १२-१३ सेंटिमीटर लांबी पुरते, कागदावर ट्यूनिंगही तेच येतं. पण एवढ्या अरुंद नळीतून १० इंची सबची हवा ये-जा करताना फसफस ऐकू येते, आणि आवाज वाढवला की बेस वाढतच नाही. शिवाय ट्यूनिंगच्या खाली कोनला (सबच्या हलत्या पडद्याला) मागून हवेचा आधार राहत नाही. अ‍ॅम्पमध्ये सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारी सोय) नसेल तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) आपटून घ्यायची वेळ येते. डिकी रिकामीच असते अशा माणसाला मी आनंदाने पोर्टेड करून देईन, ४५-५० लिटर निव्वळ देऊन. तुमच्याकडे ती जागा नाही.

सबच्या कागदावर क्यूईएस (क्यूटीएसचाच विजेशी संबंधित भाग) दिलेला असेल तर झटपट अंदाजासाठी एफएसला क्यूईएसने भागा. ५० च्या आसपास किंवा खाली आलं तर तो सब सील्डला सोयीचा. १०० कडे गेलं तर तो पोर्टेडसाठी बनलाय, सील्डमध्ये कोरडा वाटेल.

मित्राचा सीटखालचा सब हा टाकाऊ पर्याय नाही, फक्त त्याच्याकडून काय मिळणार ते आधी कळलेलं बरं. सात-आठ सेंटिमीटर उंचीचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच, आत बहुधा ८ इंची चपटा कोन आणि अंगचा अ‍ॅम्प. कोन फार हलू शकत नाही. ५० हर्ट्झच्या वर तो गाण्याला चांगला भरीवपणा देतो, त्याखाली हळूहळू विरतो. दरवाजातले स्पीकर कोरडे वाटतात एवढीच तक्रार असेल तर यानेच काम होईल आणि डिकीचा एक लिटरही जाणार नाही. बसवण्याआधी सीट पूर्ण खाली करून आणि पुढे-मागे सरकवून पाहा. मागच्या प्रवाशांसाठी सीटखालून एसीची नळी गेलेली असेल तर ती झाकली जाता कामा नये. सीटखाली पिवळं कपलर दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची वायर आहे. सीट काढावीच लागली तर आधी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबावं लागतं, आणि हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावं. आणखी एक, पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी कार्पेटमध्ये मुरतं आणि ते नेमकं याच डब्याखाली साचतं. खाली पातळ रबराचे तुकडे देऊन डबा थोडा उचलून बसवा.

गोल ट्यूबबद्दल, म्हणजे नळकांड्यासारख्या तयार बॉक्सबद्दल, एकच वाक्य: गोल आकार डिकीत सर्वात जास्त जागा वाया घालवतो आणि वर काही ठेवताही येत नाही.

स्टेपनीच्या रिममध्ये बसणारे सब मला आवडतात. जागा अक्षरशः वापरात नसलेली, आणि लोखंडी बोल्टने जागच्या जागी पक्के. आपल्या रिमच्या पोकळीची खोली आणि मधला बोल्ट जुळतो का ते तपासा आणि वरची फळी पुन्हा सपाट बसते का तेही. गैरसोय एकच, पंक्चर झालं की आधी सब काढायचा. काही जण स्टेपनीच काढून तिथे फायबरचा बॉक्स करा म्हणून मागे लागतात. २०२० मधल्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीला स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही, हे खरं. पण तुम्ही लहान मूल घेऊन घाटातून गावी जाणार. टायरची बाजू फाटली तर तो संच काही करू शकत नाही. अशा कामाला मी नाही म्हणतो.

फायबरग्लासचा बॉक्स करायचाच तर तो चाकाच्या उंचवट्यामागच्या कोपऱ्यात करावा. त्या कोपऱ्यात ८ इंची सबला पुरतील असे १०-१५ लिटर निघतात आणि डिकीचा मधला सपाट भाग पूर्ण मोकळा राहतो. पैसे आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, आणि गाडी विकली की तो बॉक्स दुसरीकडे बसत नाही. गाडी बरीच वर्षं ठेवणार असाल तरच विचार करा. मॅट आणि रेझिनचे पाच-सहा थर हवेत, दोन-तीन थरांत उरकलेला बॉक्स स्वतःच थरथरतो. आतलं आकारमान सूत्राने काढता येत नाही, म्हणून थर्माकोलचे बारीक मणी भरायचे आणि एक लिटरच्या मापाने मोजत बाहेर काढायचे.

हे वाचणाऱ्यांत सीएनजीवाले असणारच, त्यांच्यासाठी थोडं. वॅगन आरसारख्या गाडीत एक मोठा सिलिंडर डिकी अडवून बसतो, तिथे सीटखालचाच सब. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझला दोन लहान सिलिंडर फळीखाली दिले आणि डिकीत २१० लिटर राहिले. तिथे सीटला टेकणारा सील्ड बॉक्स जमतो. पण सीएनजीच्या गाडीत फळीत किंवा पत्र्यात स्क्रू मारायचा नाही, खालून २०० बारच्या दाबाची नळी कुठून गेलीय ते वरून दिसत नाही. सिलिंडरवर किंवा त्याच्या ब्रॅकेटवर अ‍ॅम्प लावायचा नाही, वायर व्हॉल्व्हपासून लांब न्यायची. आणि दर तीन वर्षांनी सिलिंडर चाचणीसाठी काढावा लागतो, म्हणून बॉक्स दोन बोल्ट आणि एक प्लग काढला की बाहेर यावा.

आता सुताराला काय सांगायचं. १८ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा त्याच जाडीचा मरिन प्लाय. एमडीएफ कापायला आणि सारखा करायला सोपा, पण ओल लागली की कडेने फुगतो. कोकणात राहत असाल तर प्लायच घ्या. फर्निचर करणारा सुतार जोड देखणा करतो, हवाबंद करेलच असं नाही, कारण त्याला तशी सवय नसते. म्हणून प्रत्येक सांध्याला भरपूर फेविकॉल, दर १० सेंटिमीटरला स्क्रू, आणि सुकल्यावर आतून सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन. सब बसवताना कडेला फोमची पट्टी. झाल्यावर कोन दोन्ही हातांनी, कडेपासून सारखा, हलकेच आत दाबा आणि सोडा. सावकाश बाहेर आला तर बॉक्स बंद आहे. टुणकन उडाला तर कुठेतरी फट आहे, ती शोधा.

आत उशीत भरतात ते रिक्रॉन पाव किलोच्या आसपास सैलसर भरा. सबला बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वाटतो. दाबून कोंबलं तर उलटं होतं. चुंबकाच्या मागे छिद्र असेल तर त्याच्यासमोर दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहू द्या आणि तिथे रिक्रॉन नको. ही खोली बॉक्स कापण्याआधीच तपासायची. वरच्या मापात मधोमध आतली खोली १८ सेंटिमीटर आहे, म्हणून १५ पर्यंत खोली लागणारा सब चालेल.

बॉक्स १० किलोचा, सब पाच-सहा किलोचा. १६ किलोची वस्तू मुलाच्या पाठीमागे मोकळी ठेवायची नाही, एवढं माझं ऐकाच. सीटचा लॅच असतो त्या भागाला किंवा सामान बांधण्याच्या कड्यांना पट्ट्याने आवळा. सबचं तोंड मागच्या दाराकडे ठेवा आणि समोर एक हातभर तरी मोकळं. बॅगा त्याच्यावर घासणार, म्हणून जाळी लावाच, ती फक्त शोभेची नाही.

२५० वॉट आरएमएसचा (सतत देता येणारी ताकद) क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) अ‍ॅम्प पूर्ण जोरात साधारण २२-२३ अ‍ॅम्पियर घेतो. ८ गेजची खरी तांब्याची वायर पुरते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर त्याच रंगात मिळते, टोक खरवडून पाहा. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. मूळ टचस्क्रीनच्या वायर कापू नका, तुमच्या गाडीचं कपलर मिळतं, त्यातून सिग्नल घ्या. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचेच सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर सुरू करा, फेज (कोनची हालचाल उलटसुलट करणारं बटण) दोन्ही बाजूंना फिरवून चालकाच्या जागी बसून ऐका, ज्या बाजूला ठोका भरतो ती ठेवा. मग पार्सल ट्रे आणि नंबर प्लेट खडखडणारच. प्लेटच्या मागे फोम, दाराच्या आतल्या पत्र्याला ब्यूटिलचे (थरथर शोषणाऱ्या चिकट रबराचे) पट्टे.

आता तो फुकटचा १२ इंची. लगेच नाकारू नका, कागद मिळतो का बघा. व्हीएएस ६० आणि क्यूटीएस ०.५ असेल तर सपाट आवाजाला ६० लिटर लागतील, तो विषय संपला. पण क्यूटीसी ०.९ धरला तर तोच २७ लिटरमध्ये बसतो. फक्त त्याचं तोंड ३१-३२ सेंटिमीटर रुंद, म्हणून बॉक्सची उंची ३६ करावी लागेल आणि पार्सल ट्रेखाली ती बसते का हे पुठ्ठ्याच्या खोक्यानेच सांगावं. क्यूटीएस ०.६ च्या वर निघाला तर मात्र एवढ्या बॉक्समध्ये तो घुमेल, नातेवाइकाला परत करा. कागद मिळालाच नाही तर आधी कोनच्या कडेचा रबर किंवा फोम बोटाने दाबून पाहा. जुन्या फोमचा चुरा होतो, आणि मग हिशेबाची गरजच उरत नाही.